तुझ्या बगळ्याला कोण हसायचं, प्रज्ञा

प्रज्ञा,

निखिल सर म्हणाले, "प्रज्ञा, तू म्यूटवर आहेस."

मंगळवारची दुपारची मीटिंग. सगळी टीम कॉलवर होती. मी लाखनीला सासरच्या घरी, माडीवर. तू वरठीला तुझ्या खोलीत. बाकीचे पुण्यात आणि कुठे कुठे. तुझा कॅमेरा बंद होता. तो नेहमीच बंद असायचा, कारण मीटिंग सुरू झाली की तू चित्रं काढायला घ्यायचीस, आणि हे टीममध्ये फक्त मला माहीत होतं. सर पुन्हा म्हणाले, "प्रज्ञा? अजून म्यूटच आहेस बघ." कुणीच काही बोललं नाही. मग ते म्हणाले, "ठीक आहे, पुढे जाऊ." आणि आम्ही पुढे गेलो. माझी पाळी आली तेव्हा मी माझ्या कामाचं सांगितलं. मला वाटलं, चित्रात रंगली असेल. संध्याकाळी फोटो पाठवेल आणि विचारेल, "हासली का?"

संध्याकाळी मोबाइल वाजला तो ग्रुपवरच्या सरांच्या निरोपाने. तू पुन्हा कॉलवर आली नाहीस म्हणून त्यांनी तुला फोन लावला होता आणि तो तुझ्या बाबांनी, काकाजींनी, दवाखान्याच्या व्हरांड्यातून उचलला होता. म्हणजे तुझ्या जाण्याची बातमी तुझ्या साहेबाला आधी कळली, मला नंतर. निरोप इंग्रजीत होता. आपली सहकारी प्रज्ञा आज अचानक आपल्याला सोडून गेली. आणि लगेच खाली, तिच्याकडची चालू कामं उद्या सकाळी वाटून घेऊ.

मी चहा गाळत होते. गाळणी हातात तशीच. तुला खोटं वाटेल, पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की ही तूच काढलेली एखादी चित्रपट्टी आहे. दोन ओळी, दोन चौकटी. आता तिसऱ्या चौकटीत बगळा येईल आणि काहीतरी बोलेल, म्हणून मी मोबाइलकडे बघत उभी राहिले. चहा ओट्यावरून माझ्या पायावर सांडला तेव्हा मी तुला फोन लावला. उचलला तो काकाजींनी. ते नुसतं "अर्चना, बाई, अर्चना" एवढंच म्हणत राहिले.

डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले. सकाळपासून तुझं डोकं दुखत होतं. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून नागपूरला न्यायला सांगितलं आणि तू वाटेतच गेलीस. चौतीस वर्षांची बाई डोकं दुखतंय म्हणून कपाळाला बाम लावून मीटिंगला बसते आणि संपते. हे मी आता लिहितेय, पण अजून मला ते कुणीतरी दुसऱ्याच प्रज्ञाबद्दल सांगितल्यासारखं वाटतं.

तुझा बगळा कसा जन्मला, हे तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. नागपूरला कॉलेजात आपण होस्टेलच्या एका खोलीत राहिलो, मग पुण्यात एकाच कंपनीत लागलो. लागून वर्ष झालं नसेल. निखिल सरांनी सगळ्या मजल्यासमोर मला झापलं होतं. चूक दुसऱ्याची होती, पण कोड शेवटी माझ्या हातून गेला होता. मी जाऊन बाथरूममध्ये कडी लावून बसले. तू दाराशी आलीस, हाका मारल्यास, मी बोलले नाही. मग दाराच्या फटीतून कँटीनचा एक कागदी रुमाल आत सरकला. त्यावर पेनने एक बगळा काढला होता. गळ्यात टाय, एक पाय वर. सर असेच उभे राहायचे, आपल्या खुर्च्यांच्या मागे, एक पाय भिंतीला टेकवून, न हलता, न बोलता. बगळ्यासमोर एक बेडूक हात जोडून विचारत होता, "सर, दुसरा पाय?" आणि बगळा म्हणत होता, "तो पुढच्या क्वार्टरमध्ये."

बाहेरून तू विचारलंस, "हासली का?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग बाहेर तं ये."

मी बाहेर आले. त्या दिवशी मी राजीनामा देणार होते, प्रज्ञा. गावी परत येऊन बाबांच्या दुकानात बसणार होते. तुझ्या बगळ्याने मला हसवलं नाही, पण बाहेर काढलं. हे मी तुला कधी सांगितलंच नाही. आपल्यात असं बोलायची पद्धत नव्हती.

मग कोरोनात ऑफिस बंद झालं, सगळे घरी गेले. आपणही आपापल्या घरी आलो आणि इथेच राहिलो. तू वरठीला आईबाबांकडे. तिथे चित्रं काढायला तुझा हात मोकळा झाला. मागच्या दाराने निघालं की धानाच्या बांध्या. पाण्यात उभे बगळे तू रोज बघायचीस आणि रोज सर आठवायचीस. नाव न टाकता तू ती चित्रं नेटवर टाकायला लागलीस. बगळासाहेब आणि त्याची बेडकांची टीम. तळं आटत चाललंय आणि बगळासाहेब बेडकांना सांगतोय, "पाणी कमी झालं असं म्हणू नका, आपण जास्त चपळ झालो असं म्हणा." बेडूक धावत येतो, "सर, बग सापडला." "मग?" "खाल्ला." "टिकिटात लिहिलं का?" पुण्याची, बंगलोरची, कुठली कुठली सॉफ्टवेअरवाली माणसं ती एकमेकांना पाठवायला लागली. आणि एका सोमवारी निखिल सरांनी आठवड्याच्या मीटिंगचं पहिलं पान उघडलं, तर त्यावर तुझा बगळा! "हे बघा, काय भारी काढलंय कुणीतरी," असं म्हणून ते इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. "आमच्या आधीच्या कंपनीत अगदी असाच एक मॅनेजर होता," म्हणाले.

तू मला लगेच फोन केलास. तू हसत होतीस की किंचाळत होतीस, तेच कळेना. "अर्चे! त्याले समजलंच नाही वं! सोताले पाहून हासून राहिला तो!"

मला राग आला. तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते अजून मिटलेलं नाही.

मी म्हणायची, यात हसण्यासारखं काही नाही. जे ऑफिसच्या बाहेर आहेत त्यांना गंमत वाटत असेल. आपण दिवसभर त्याच चिखलात बसतो आणि संध्याकाळी त्याच चिखलाचं चित्र बघून हसतो. हसलं की बरं वाटतं, बरं वाटलं की उद्या पुन्हा जाऊन बसतो. साहेब तर ते चित्र मीटिंगला लावतो. ज्या दिवशी त्याला तुझं चित्र झोंबेल, त्या दिवशी मी हसेन.

"तू नं हासूच नको," तू म्हणायचीस. "तुले हासायले कारण लागते. मले बी राग येते, मंग काय करू? रोज राजीनामा देऊ? त्याले हासू दे. हासता हासता एक दिवस ध्यानात येईल त्याच्या."

"नाही येणार."

"येईल वं."

वरठीला तुझ्या घरी आले की तू आधी चित्र दाखवायचीस, मग पाणी द्यायचीस. काकाजींना वाचून दाखवायचीस. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. क्वार्टर म्हणजे तीन महिने, बग म्हणजे किडा आणि कोडमधली चूकही, टिकीट म्हणजे त्या चुकीची नोंद, सगळं तू समजावून सांगायचीस, आणि तरी ते ठसका लागेपर्यंत हसायचे. "आमच्या प्लांटात असाच एक फोरमन होता जी," ते मला सांगायचे. "उभाच राहे. काम करे नाही, हाले नाही. अन् घरी जाताना म्हणे, आज लय थकलो." स्टीलच्या प्लांटात भट्टीसमोर आयुष्य काढलेला माणूस हसतोय आणि मी, जिच्यासाठी हे सगळं काढलंय, ती गप्प बसलेली. तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचीस, "पाहा बाबा, हे सॉफ्टवेअर इंजिनियर."

आपल्या टीममधल्या श्रीकांतला नोकरीवरून काढलं तो दिवस तुला आठवत असेल. शुक्रवारी दुपारी त्याला एकट्याला कॉलवर घेतलं, आणि कॉल संपला तेव्हा त्याची नोकरीही संपलेली होती. रविवारी तू मला चित्र दाखवलंस. बगळ्याच्या चोचीत बेडूक, त्याचे पाय बाहेर लोंबताहेत, आणि बगळा बाकीच्यांना सांगतोय, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." बेडकाच्या तोंडावर तू ओशाळं हसू काढलं होतंस.

मी म्हटलं, "हे टाकशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही. त्याच्या घरी आत्ता काय चाललं असेल?"

तू फोन उचललास आणि श्रीकांतलाच लावलास, माझ्यासमोर, स्पीकरवर. पहिल्यांदाच आपलं गुपित बाहेरच्या कुणाला सांगितलंस. चित्र पाठवलंस. त्याने ते उघडलं. मग म्हणाला, "टाका. पण ते हसू काढून टाका. मी हसत नव्हतो. मी हेडफोन शोधत होतो. मला वाटलं, नीट ऐकू आलं नसेल."

तू चित्र पुन्हा काढलंस. चोचीतला बेडूक एका हाताने आपला हेडफोन शोधतोय. तुझं ते चित्र सगळ्यात जास्त लोकांनी बघितलं. खाली माणसांनी हसरे चेहरे टाकले होते. तू मला विचारलंस, "आता तरी?" मी नाही म्हटलं. पण त्यानंतर कित्येक दिवस कानात हेडफोन घालताना माझा हात थांबायचा. ते मी तुला सांगायला हवं होतं का? तुला बहुधा कळलं असतं, की मी हरत चालले होते.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वरठीला आले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापणीला आलं होतं. कुठे कुठे कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या होत्या आणि मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये बगळे उतरले होते. मी यांना म्हटलं, गाडी हळू घ्या. का म्हटलं ते मला सांगता आलं नाही.

तुमच्या दारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, सगळ्यांनी त्यांच्या मागून म्हटलं, मीही म्हटलं. तुझा चेहरा उघडा होता. कपाळाला बामाचा डाग तसाच होता, चकाकत होता. मी तुझ्या आईकडे, काकूंकडे बघितलं. त्या रडत नव्हत्या. त्या माझ्याकडेच बघत होत्या, आणि ते बघणं मला नीट वाटलं नाही. ओळखीच्या माणसाकडे असं कुणी बघत नाही.

लोक पांगल्यावर त्यांनी मला हाताला धरून तुझ्या खोलीत नेलं. टेबलावर लॅपटॉप उघडाच होता, त्याच्यावर त्यांनी तुझी ओढणी टाकली होती.

"अर्चना," त्या म्हणाल्या, "तू होती न तिथी?"

"कुठे, काकू?"

"याच्यात." त्यांनी ओढणीकडे बोट दाखवलं. "मी चहा घेऊन आली तं हे खुर्चीवरून खाली पडून होती. म्या तिचं डोस्कं मांडीवर घेतलं. अन् याच्यातून आवाज येऊन राहिला. प्रज्ञा, प्रज्ञा. साहेब हाका मारून राहिला तिले. म्या म्हटलं, चांगलं झालं, माणसं हायेत. म्या किती आवाज देल्ले! म्हटलं, ते पडली जी, कोणी या जी, तिच्या बाबाले फोन लावा. तुहा बी आवाज आला मंग. तू काय काय सांगून राहिली होती. म्या तुह्या नावानं आरडली, अर्चना, अर्चना. कोणीच काहून नाही बोललं माह्यासंग?"

प्रज्ञा, मी त्या कॉलवर होते. मी माझ्या कामाचं सांगत होते. दोन दिवसांत संपेल म्हणत होते. आणि काकू तुला मांडीवर घेऊन माझं नाव घेऊन ओरडत होत्या.

"काकू, ते म्यूट होतं."

"म्हंजे?"

"म्हणजे... आपल्याले त्यायचं आयकू येते. त्यायले आपलं नाही."

त्यांनी ते मनात म्हणून बघितलं असावं. ओठ हलले. मग मला विचारलं, अगदी साधेपणाने विचारलं, रागाने नाही, "असं कसं मशीन बनवलं वं तुमी?"

त्या मंगळवारी शेवटी शेजारच्या बायकांना हाक मारून, बाहेर गेलेल्या काकाजींना बोलावून त्यांनी तुला गाडीत घातलं, तोवर कितीतरी वेळ गेला होता. डॉक्टर म्हणाले, लवकर आणली असती तरी काही झालं नसतं. हे मी काकूंना पुन्हा पुन्हा सांगितलं. त्या हो म्हणाल्या. त्यानंतर त्या बोलेनाशा झाल्या. जेव म्हटलं की जेवायच्या, झोप म्हटलं की झोपायच्या.

त्याच आठवड्यात कंपनीतून मला मेल आला. मी तुझ्या घराच्या जवळ राहते, तर तुझा लॅपटॉप ताब्यात घेऊन कुरियर करता येईल का? चार्जर विसरू नये. खाली एक गुलाबाचं फूल होतं. मी ते वाचून इतकी थक्क झाले की माडीवरून खाली आले आणि यांना दाखवलं. ते शाळेत शिकवतात. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "हे खरं आहे की प्रज्ञाचं आहे?"

मेलला मी उत्तर दिलं नाही. दिलंच नाही अजून.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तुमच्या दाराशी एक टॅक्सी थांबली आणि त्यातून निखिल सर उतरले. कुणाला न सांगता विमानाने नागपूरला आणि तिथून वरठीला. मी त्यांना इतक्या वर्षांनी प्रत्यक्ष बघत होते. केस पांढरे झाले होते. बूट काढून ते मांडवात शेवटच्या रांगेत मांडी घालून बसले, वंदना संपेपर्यंत खाली बघत राहिले. मला आत कुठेतरी वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा रागही आला.

जेवायच्या आधी हात धुवायला काकाजी त्यांना आतून घेऊन गेले, तुझ्या खोलीतून. मी मागेच होते. भिंतीवर सगळे बगळे होते. काकाजींनीच ते स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून मोठे काढून आणून लावले होते.

सर थांबले.

"हे... हे इथे कसं?"

"हे सारं प्रज्ञानंच काढलं जी," काकाजी म्हणाले. त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी जरा वर आला. "लय लोकं पायतेत म्हणे मोबाइलवर. अन् ते निखिलसाहेब म्हंजे तुमीच न जी?"

"हो, मीच."

"मंग हे तुमीच होय!" काकाजींनी बगळ्यावर बोट ठेवलं. "ते सांगे आमाले. बाबा, हा बगळा म्हंजे आमचे निखिलसाहेब. साऱ्यात पयले तुमालेच काढलं तिनं."

मी काकाजींना थांबवायला हवं होतं. पण त्यांना त्यात लपवण्यासारखं काहीच वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी तो मान होता. आपल्या पोरीने या माणसाला रोज आठवून काढलं, त्याची एवढी चित्रं भिंतीवर लागली, आणि तो माणूस एवढ्या लांबून आला.

सर एकेका चित्रापुढे गेले. एका पायावरचा बगळा. आटलेलं तळं. श्रीकांतच्या चित्रापुढे ते सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. दोन्ही जमिनीवर होते. मग ते काकाजींना म्हणाले, "फार छान काढायची," आणि हात धुवायला गेले. ते इतका वेळ हात धूत होते की काकाजींनी मला खुणेने विचारलं, पाणी संपलं का.

परतीची गाडी त्यांना भंडारा रोडवरून, म्हणजे वरठीच्याच स्टेशनवरून, पकडायची होती. टॅक्सी परत गेली होती. स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ, तरी काकाजी मला म्हणाले, "सोडून दे साहेबाले, नवा माणूस हाये." म्हणून मी त्यांच्याबरोबर फलाटावर बसले. गाडी उशिरा होती. प्लांटमधली पाळी सुटली होती, सायकली आणि मोटरसायकली फाटकापाशी साचल्या होत्या. आम्ही बराच वेळ त्या गर्दीकडेच बघत होतो.

"तुला माहीत होतं," सर म्हणाले.

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिलं चित्र माझ्यासाठी काढलं होतं, सर. तुम्ही मला झापलं होतं त्या दिवशी."

"मी कधी झापलं?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी सांगितलं नाही. त्यांनी मोबाइल काढला, तुझं एक चित्र उघडलं, दोन बोटांनी मोठं केलं. "यात मी जरा जास्तच बारीक आहे," म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला, पण तोंड वाकडं झालं. त्यांनी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

"अर्चना, एक खरं सांग. तुम्हाला, म्हणजे जे तिथे काम करतात त्यांना, हे खरंच विनोदी वाटायचं?"

इतकी वर्षं याच प्रश्नावरून आपण दोघी भांडतोय, प्रज्ञा. आणि तो मला विचारायला पुण्याहून कोण आलं बघ.

"मला नाही वाटायचं, सर. एकदाही नाही."

"मग कुणाला वाटायचं?"

"तुम्हाला," मी म्हटलं. "सगळ्यात जास्त तुम्ही हसायचात."

हे मी टोचायला म्हटलं नव्हतं. विचारलं म्हणून जे होतं ते सांगितलं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं, की तू म्हणत होतीस तो दिवस हाच. त्यांच्या ध्यानात आलं होतं. मी वर्षानुवर्षं ज्याची वाट बघत होते ते माझ्या शेजारच्या बाकावर घडत होतं, आणि मला हसू येत नव्हतं. मला त्या माणसाची भीती वाटली. तो आत्ता इथे रडला तर मी काय करू, एवढीच भीती. ते रडले नाहीत. गाडी आली तेव्हा उठले, मला नमस्कार केला. वयाने मोठ्या माणसाला करावा तसा, वाकून. आणि डब्यात चढले.

गाडी हलली आणि मी फोन लावला.

कुणाला लावतेय हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा तो वाजायला लागला होता. एवढं घडल्यावर मी दुसऱ्या कुणाला लावणार होते? बोटं आपोआप गेली. मी तो तोडणार, तेवढ्यात तिकडून उचलला.

"हॅलो?" काकाजी. तुझा मोबाइल ते खिशात घेऊन फिरतात. "कोण, अर्चना? बसला का साहेब गाडीत?"

"बसला, काकाजी."

"काही बोलला का?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. तिकडे काही आवाज येईना. मला वाटलं, कट झाला. मग तो आवाज आला, आधी छातीतून खरखर, मग ठसका. काकाजी हसत होते. हसताना मध्येच त्यांचा श्वास तुटत होता, आणि ते रडणं आहे का हे मला दुरून सांगता येत नव्हतं. फोन तसाच हातात ठेवून त्यांनी काकूंना हाक मारली. "आयकलं का वो? अर्चना काय म्हणते पाय. साहेबानं इचारलं, कोणाले हासू येते म्हणून..." आणि ते काकूंना सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. चुकत, मागे जात, कॉल, मीटिंग सगळ्यांची गल्लत करत. मी फलाटावर उभी राहून ऐकत होते. गाडीचा शेवटचा डबा कधीच दिसेनासा झाला होता.

त्यांचं सांगून झालं. आणि मग काकूंचा आवाज ऐकू आला, एवढ्या दिवसांनंतर पहिल्यांदा, बारीक पण स्वच्छ.

"मंग?"

काकाजी फोनवर आले. "अर्चना, तिची माय इचारते, मंग काय झालं?"

"काही नाही, काकाजी," मी म्हटलं. "मग गाडी आली."